दोन तासांचं भाडं

सेलूत वॉर्ड सातची बैठक ठरली
तेव्हा पहिला निरोप मला आला :
गौसभाई, दोन माइक, एक भोंगा, साठ खुर्च्या,
समाजमंदिरात, शनिवारी, दिवेलागणीला.
मी खुर्च्या गाड्यावर रचल्या, दहाच्या थप्पीत.
एकीचा पाय तारेनं बांधलेला,
ती मी पाहुण्यांना देत नाही.

समोर नगरसेवक पुरभाजीराव,
शेजारी पाणीपुरवठ्याचे साहेब,
साहेबांच्या मांडीवर फाइल, फाइलीवर मोबाइल.
बाया खुर्च्या सोडून सतरंजीवर बसल्या,
"आमचं बरंय इथं."

हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन.
माइक ज्याच्या हातात जातो
त्याचं बोलणं लगेच इस्त्री होऊन येतं.
रंगनाथ मास्तरांनी सन्माननीय व्यासपीठ धरलं
आणि नालीपर्यंत पोचायच्या आधी
निजाम, रझाकार, मुक्तिसंग्राम सगळं येऊन गेलं.
पोरांच्या मंडळाला कमान पाहिजे होती.
गल्लीसाठी दोन नावं निघाली, दोन्हींवर टाळ्या.
साहेब म्हणाले, नोंद घेतली.
मी भोंग्याला एकदाही शिट्टी मारू दिली नाही.

मग लाइट गेली.

कुणी ट्रान्सफॉर्मर म्हणालं, कुणी शिवी घातली.
पुरभाजीरावांनी मोबाइल पेटवला,
बॅटरी वाचवायला विझवला.
उठून जावं तर चपला सापडेनात.
तोंडं दिसेनाशी झाली
आणि बोलणं सतरंजीकडून यायला लागलं.

"नळ नवव्या दिवशी येतो, ते बी रातच्या दोनला.
त्या रातीला आमी झोपतच नाय."
"अंगणवाडीत साप निघाला,
तवापासून लेकरं ओट्यावर बसायलेत."
"सासऱ्याला न्यायला रिक्षा आत आली नाही.
खाटेवर नेलं. खाट तेवढी परत आली."

थोडा वेळ नुसते डास.
मग एक आवाज, बारीक, पट्टी खालची :
"संडासाच्या दाराला कडी नाही. दसऱ्यापासून.
एकीनं आत जायचं, एकीनं बाहेर दार धरायचं.
दुसरी मिळाली नाही तर थांबायचं.
परवा मी सकाळधरनं दुपारपर्यंत थांबले."

आवाज हा माझा धंदा आहे.
बावीस वर्षं तो मला विचारतो, चाय रखूँ क्या?
मराठीत इतकं लांब बोललेला
मी पहिल्यांदा ऐकला.
शेजारच्या गावाला जाईल असा भोंगा माझा,
आणि हे मला माझ्या घरात ऐकू आलं नव्हतं.

"कोण बोललं?" पुरभाजीरावांनी विचारलं.
"आमी सगळ्या बोललो," प्रयागबाई म्हणाल्या.
माइकशिवाय पुरभाजीरावांचा आवाज
त्यांच्या वडिलांसारखा निघतो,
स्टँडसमोर रसवंती चालवायचे त्यांच्यासारखा.
"दसऱ्यापासून?" एवढंच म्हणाले,
आणि कुणाला सांगावं तसं नाही.

लाइट आली तसे सगळे डोळे चोळत
पुन्हा आपापल्या तोंडात जाऊन बसले.
इतिवृत्तात कमान आहे, दोन नावं आहेत, आभार आहेत.
अंधारातलं कसं लिहावं
लिहिणाऱ्याला सुचलं नसेल.

पावतीवर मी दोन तास टाकले.
माइक चालला होता पाऊण तास.
पैसे परत करावेत का, अजून ठरत नाही.

रात्री गाडा मी ओढत होतो, ती मागून ढकलत होती.
रेल्वे फाटकापाशी चढ आहे,
तिथं आम्ही तसंही बोलत नाही.

सकाळी भोंग्याच्या पेटीची कडी काढली.
दोन स्क्रू, एक गंजलेला.
दाराला ठोकली, जरा तिरपी बसली,
लावताना दार थोडं उचलावं लागतं.
नगरपालिकेची कडी मंजूर झाली म्हणतात.
तोवर पेटी सुतळीनं बांधतोय.